पाढे घरातच पक्के करा

गणिताच्या धास्तीने आपली अनेक मुले विज्ञान शाखेचे नावच काढत नाहीत. या धास्तीचे मूळ बहुधा कच्च्या पाढ्यांत असते. शिकवणीला पैसे नाहीत म्हणून आपण हात टेकू नयेत; हे काम घरी होते.

एक ते दहाच्या पाढ्यांत 100 गुणाकार आहेत. सात आठे छप्पन्न आणि आठ साते छप्पन्न एकच, हे शेंगदाण्यांच्या ओळी मांडून दाखवले की 55 उरतात. एक, दोन, पाच, दहाचे सोपे पाढे वगळले, तर खरी मेहनत अवघ्या 21 गुणाकारांची! रोज दोन घ्यावेत. आधी समजवावे, मग पाठ करून घ्यावे. कालचे आज उलटसुलट विचारावे. चुकले तर मारू नये. मार खाल्लेले मूल गणितच टाकते.

‘आम्ही अडाणी, काय शिकवणार?’ असे आईबापांनी म्हणू नये. मजुरीचा, बाजाराचा हिशेब आपण तोंडीच करतो. सुभेदार रामजींनी भीमरावांचा अभ्यास घरी स्वतः घेतला. ते शिक्षक होते, आपण नसू. पण रोज पंधरा मिनिटे मुलाजवळ बसायला पदवी लागत नाही. टीव्ही बंद करा आणि आजच बसा!