पात्रतेला हमीची जोड द्या

बारावीचा निकाल लागला की जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या घराघरांत एकच प्रश्न असतो: ॲडमिशन कुठे मिळेल? निकालाच्या दिवशी त्याचे खात्रीचे उत्तर कुणाकडेच नसते. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी पात्र ठरायला खुल्या प्रवर्गाला बारावीच्या ठरावीक विषयांत 45 टक्के आणि राखीव प्रवर्गाला 40 टक्के गुण पुरतात. सीईटीत शून्याच्या वर काहीही चालते. पण पात्र ठरणे म्हणजे फक्त रांगेत उभे राहण्याची परवानगी. पुढचे सगळे पर्सेंटाइलवर, आणि पर्सेंटाइल ठरते इतरांना किती गुण पडले त्यावर. त्यामुळे अकरावीत बसलेल्या मुलीला कुठलाही शिक्षक असे सांगू शकत नाही की, "तू एवढे कर, तुझी जागा पक्की." सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या उच्चशिक्षणाला हे सांगता आले पाहिजे. पात्रतेची एक पायरी अशी हवी की ती गाठणाऱ्याला जागा मिळतेच, आणि या हमीची सुरुवात खान्देशातून व्हावी.

खान्देशातून म्हणण्याला कारण आहे. 15 ऑगस्ट 1990 रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. त्याआधी इथली महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. ज्या विद्यापीठाला 2018पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव आहे, ते उभे राहिले तेच मुळी या भागातल्या मुलांसाठी उच्चशिक्षण जवळ आणण्याकरिता. पण विद्यापीठ जवळ आले म्हणून जागा जवळ आली असे झाले नाही. राज्यघटनेच्या कलम 371(2)मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राला तंत्रशिक्षणाच्या सोयी न्याय्य प्रमाणात मिळाव्यात अशी तरतूद आहे. त्या मांडणीत खान्देश 'उर्वरित' महाराष्ट्रात, म्हणजे मुंबई-पुण्याच्याच खात्यात जमा होतो. वैद्यकीय प्रवेशासाठी 2020पर्यंत जे 70:30चे प्रादेशिक सूत्र होते, त्यातही धडगाव-अक्कलकुव्याची मुले पुण्याच्या मुलांबरोबर एकाच गटात होती. आजही अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत 70 टक्के जागा 'होम युनिव्हर्सिटी'च्या विद्यार्थ्यांसाठी असतात. तेवढ्याने बाहेरच्या स्पर्धेपासून थोडे संरक्षण मिळते, पण प्रदेशाच्या आतली दरी तशीच राहते. ज्याला जळगावात चांगला क्लास लावता आला तो पुढे आणि साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातला मागे, हे चित्र त्या 70 टक्क्यांतही बदलत नाही.

जगात याला पर्याय शोधले गेले आहेत. अमेरिकेतील टेक्सास राज्याने 1997 साली कायदा केला: राज्यातल्या प्रत्येक शाळेतील पहिल्या 10 टक्के विद्यार्थ्यांना राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत प्रवेश मिळालाच पाहिजे. शाळा श्रीमंत वस्तीतली असो की आडगावातली, क्रमांक आपापल्या शाळेतला धरायचा. कॅलिफोर्नियाने 2001पासून प्रत्येक शाळेतील पहिल्या 4 टक्क्यांना राज्याच्या विद्यापीठात प्रवेशाची पात्रता दिली आणि पुढे ती मर्यादा 9 टक्क्यांपर्यंत नेली. तिथली हमी जरा वेगळी आहे. विद्यापीठाच्या मागितलेल्याच केंद्रात प्रवेश मिळेल असे वचन नसते. कुठेच नाव लागले नाही, तर जिथे जागा शिल्लक आहे अशा केंद्रात ती देऊ केली जाते. आपल्यासाठी जवळचे उदाहरण तमिळनाडूचे. तिथे 2020मध्ये सरकारी शाळांत शिकून 'नीट' पात्र झालेल्या विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीयच्या 7.5 टक्के जागा कायद्याने राखल्या गेल्या. त्याआधी अशा मुलांचे प्रवेश बोटांवर मोजता येत होते. पहिल्याच वर्षी ते काही शेकड्यांत गेले. मुले तीच होती आणि 'नीट'ही तीच. बदलला तो फक्त जागा वाटण्याचा नियम.

हमीचा खरा उपयोग प्रवेशाच्या दिवशी नाही, तर त्याआधीच्या दोन वर्षांत होतो. आज दहावीनंतर ज्याची ऐपत आहे तो लातूर, कोटा किंवा जळगाव-धुळ्याच्या क्लासकडे वळतो आणि गावचे कनिष्ठ महाविद्यालय हजेरीपुरते उरते. हुशार मुले गेली की शिक्षकांचा हुरूप जातो आणि मागे राहिलेल्यांची अपेक्षाही खाली येते. आपल्या महाविद्यालयातले पहिले काही जण सरकारी जागेवर जाणारच, हे चोपडा, शिरपूर किंवा तळोद्याच्या वर्गात सगळ्यांना माहीत असेल, तर त्या वर्गात बसण्याला अर्थ येईल. शिवाय आजची अनिश्चितता सगळ्यांना सारखी सोसावी लागत नाही. जुलैत सेतू केंद्रावर नॉन-क्रिमीलेअरसाठी रांग, जात वैधता प्रमाणपत्र हातात नसेल तर अर्ज केल्याची पावती, ती मुदतीत अपलोड झाली की नाही याची धाकधूक, मग पसंतीक्रमाचा फॉर्म आणि फेऱ्यांची वाट. पहिल्याच पसंतीची जागा मिळाली, तर ती गोठते आणि पुढच्या फेरीचा मार्ग बंद होतो, हे अनेकांना फॉर्म भरून झाल्यावर कळते. शहरात हे सांगायला माणसे आहेत. धडगावात मजुरी बुडवून आलेल्या बापाला कोण सांगणार? हमी असेल तर यादी बारावीच्या निकालाबरोबरच लागेल, आणि कागद जमवायला पुरेसा वेळ राहील.

योजना दोन टप्प्यांत करता येईल. पहिला टप्पा विद्यापीठाच्या हातातला आहे. संलग्न प्रत्येक महाविद्यालयातून पदवीला विषयात वरच्या क्रमांकावर येणाऱ्यांना विद्यापीठाच्या प्रशाळांमध्ये पदव्युत्तर जागेची हमी द्यावी. दुसरा टप्पा राज्य सरकारचा. या तीन जिल्ह्यांतील शासकीय आणि विद्यापीठ संचालित व्यावसायिक संस्थांमधील जागांचा ठरावीक हिस्सा प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयातील वरच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवावा. वैद्यकीयला 'नीट'ची पात्रता राष्ट्रीय कायद्याने बंधनकारक आहे, ती राहीलच. वरचे 10 टक्के धरायचे की 5, हे उपलब्ध जागा मोजून ठरवावे. कॅलिफोर्नियाने 4 टक्क्यांपासूनच सुरुवात केली होती. सामाजिक आरक्षण आहे तसेच, या हिश्शाच्या आतही लागू राहील.

यावर पहिला आक्षेप गुणवत्तेचा येईल. दुबळ्या महाविद्यालयातला पहिला मुलगा शहरातल्या पन्नासाव्यापेक्षा कच्चा असेल, मग त्याला जागा का? टेक्सासच्या ऑस्टिन येथील विद्यापीठाचा अनुभव वेगळे सांगतो. शाळेतल्या क्रमांकावर आलेल्या विद्यार्थ्यांनी तिथे, प्रवेश परीक्षेत अधिक गुण घेऊन आलेल्यांच्या तोडीची किंवा सरस कामगिरी केली. कॅलिफोर्नियातील अभ्यासातही या वाटेने वरच्या केंद्रात पोचलेल्या मुलांचे पदवी पूर्ण करण्याचे प्रमाण आणि पुढची कमाई वाढलेली आढळली. वीज, पुस्तके आणि शिक्षक तुटपुंजे असताना पहिला येणे ही गुणवत्ताच आहे. तीन तासांच्या एका परीक्षेत ती पुरती दिसत नाही. पाया कच्चा राहिला असेल, तर पहिल्या सत्रात गणित आणि इंग्रजीचे पूरक वर्ग घेणे विद्यापीठाला अवघड नाही.

दुसरा आक्षेप लबाडीचा, आणि तो गंभीर आहे. बारावीला कॉपी होते, प्रात्यक्षिकाचे गुण खिरापतीसारखे वाटले जातात, मग त्या गुणांवर जागा कशी द्यायची? पण आपल्याच महाविद्यालयातला क्रमांक सामूहिक कॉपीने सुधारत नाही. सगळ्यांचे गुण वाढले, तर सगळे जिथल्या तिथेच राहतात. भौतिक आणि रसायनशास्त्रात 100पैकी 30 गुण प्रात्यक्षिकाचे असतात. ते वगळून फक्त मंडळाच्या लेखी परीक्षेचे गुण धरावेत. शहरातली मुले नावापुरता खेड्यात प्रवेश घेतील ही भीतीही खरी आहे. म्हणून दहावी त्याच तालुक्यातून, अकरावी-बारावी त्याच महाविद्यालयातून आणि हजेरी प्रत्यक्ष, अशा अटी हव्यात.

तिसरा आक्षेप कायद्याचा. वैद्यकीय जागांची जिल्हावार वाटणी सर्वोच्च न्यायालयाने 1968 साली पी. राजेंद्रन खटल्यात रद्द केली, हे खरे. पण 1971च्या डी. एन. चंचला खटल्यात विद्यापीठवार वाटणी त्याच न्यायालयाने वैध ठरवली. रहिवासावर आधारलेले आरक्षण एमबीबीएसच्या 70 टक्के जागांपलीकडे जाऊ नये, अशी मर्यादा 1984च्या प्रदीप जैन खटल्यात घातली गेली. म्हणजे चौकट आखलेली आहे आणि तिच्या आत विद्यापीठाच्या परिक्षेत्रापुरती योजना बसवता येते. राहिला प्रश्न रिकाम्या जागांचा. खासगी महाविद्यालयांत जागा रिकाम्या राहतात, मग हमी कशाला, असे विचारले जाते. पण ज्या जागा परवडतात आणि जिथे शिकवायला माणसे आहेत, त्या रिकाम्या राहत नाहीत. हमी द्यायची आहे ती त्या जागांची.

विद्यापीठाच्या अधिसभेने पहिल्या टप्प्याचा ठराव येत्या शैक्षणिक वर्षाआधी करावा. त्यासाठी मुंबईच्या परवानगीची वाट पाहण्याची गरज नाही. दुसऱ्या टप्प्यासाठी जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या आमदारांनी पक्षभेद बाजूला ठेवून विधिमंडळात एकत्र मागणी करावी. सिंचन आणि रस्त्यांसाठी ते एकत्र येतात, तसे यासाठीही यावे. आणि पालकांनी प्रचाराला दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला एवढे जरूर विचारावे: आमच्या मुलीने किती गुण मिळवले म्हणजे तिची सरकारी जागा पक्की? ज्या व्यवस्थेला याचे उत्तर देता येत नाही, ती बदलायला हवी.