दुधाला कुलूप

माणसाने दाराला कुलूप लावावे, कपाटाला लावावे, प्रसंग पाहून तोंडालाही लावावे. पण दुधाला लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत मी आमच्या बोरगाव मेघेच्या ले-आउटमध्ये दोन-चारदा जाहीरपणे मांडले, तेव्हा लोकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू दूधचोरांच्या टोळीचा म्होरक्या मीच. म्हणून आता लेखी मांडतो. लेखी मताकडे कोणी तसल्या नजरेने पाहत नाही. पाहतच नाही, हा त्याचा मोठा फायदा.

प्रकरण असे आहे. आमच्या गल्लीत गेल्या वर्षभरात दुधाच्या चार पिशव्या दारातून नाहीशा झाल्या. वर्ध्याला चिकटून असलेल्या आमच्या या गावात याहून मोठ्या गोष्टी नाहीशा होत नाहीत असे नाही. नळाचे पाणी होते, रस्त्यावरचे दिवे होतात, एकदा तर नवा कोरा रस्ताच पहिल्या पावसात नाहीसा झाला. पण त्यावर आपल्या हाती उपाय नसतो. पिशवीवर होता. एका उत्साही गृहस्थांनी वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याची एक पेटी करवून आणली आणि फाटकाला ठोकली. दानपेटी आणि टपालपेटी यांची सोयरीक जुळून जे अपत्य व्हावे, तसे तिचे रूप. वर फट. फटीच्या आत तिरपा पत्रा, म्हणजे पिशवी घसरत आत जाते, पण बाहेरून घातलेला हात मनगटापाशीच अडकतो. खाली छोटे दार, दाराला कुलूप, आणि कुलपाची किल्ली घरात अशा सुरक्षित जागी की सकाळी घरातल्या कोणालाच सापडू नये. महिन्याभरात गल्लीतल्या चौदा फाटकांपैकी अकरांवर पेट्या लटकल्या. आता आमच्या गल्लीतून जाताना आपण रांगेने अकरा देवस्थानांपुढून चाललो आहोत असे वाटते. हात आपोआप खिशाकडे जातो.

आधी हिशेब करू. पेटीचे आठशे आणि कुलपाचे दीडशे, मिळून साडेनऊशे. अर्ध्या लिटरची पिशवी आज तीस रुपयांच्या आसपास. म्हणजे पेटीचे पैसे वसूल व्हायचे तर चोराने एकाच घरी सलग बत्तीस दिवस, सुट्टी न घेता, चोरीचा प्रयत्न करायला हवा. इतका नियमित माणूस चोऱ्या कशाला करील? त्याला कुठेही कारकुनी मिळेल. अकरा पेट्यांचे झाले दहा हजार चारशे पन्नास, आणि चोरी झाली एकशेवीस रुपयांची. हे मी पेटीप्रमुखांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “अहो, प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे.” माझा आजवरचा अनुभव असा की पैशाचा हिशेब चुकला म्हणजेच तत्त्वाची आठवण होते.

शिवाय आमचा जिल्हा विदर्भातला, हे पेटीवाले विसरतात. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. नवतपा सुरू झाला की सकाळी सात वाजताच पत्र्याला हात लावता येत नाही. पाच वाजता पेटीत पडलेली पिशवी, साडेसातला साहेब उठून, पावणेआठला किल्ली सापडून बाहेर निघते, तेव्हा तिच्यात दूध नसते. पनीर आणि पाणी यांची फारकत झालेली असते. चोराने नेले असते तर निदान कोणाच्या तरी पोटात गेले असते!

दुधाच्या चोरीवर घरगुती साधन शोधणे ही काही आजची गोष्ट नव्हे. आपल्याकडे त्यासाठी शिंके होते. आढ्याला टांगायचे, त्यात दुधा-दह्याचे मडके ठेवायचे, म्हणजे मांजराचा आणि पोरांचा हात पोहोचत नाही. गोकुळात घरोघरी शिंकी होती. त्यांचा काय उपयोग झाला हे आपण दर गोपाळकाल्याला दहीहंडी फोडून, ढोल वाजवून जगाला सांगतो. ज्या समाजाने चोरी थांबवण्याच्या साधनाच्या पराभवाचा एवढा मोठा उत्सव केला, त्याने आठशे रुपयांच्या पेटीवर विश्वास ठेवावा, याचे मला नवल वाटते. आणि बरं का, गोकुळातल्या त्या चोरीचा शेवट कुलपात झाला नाही, काल्यात झाला. सगळ्यांनी मिळून खाल्ले.

शिंके घरातले झाले. दारातून दूध चोरीला जाण्याचा प्रश्न जुन्या काळी नव्हताच, कारण दारात दूध एकटे कधी उभेच राहत नसे. गवळी यायचा, हाळी द्यायचा, घरातली बाई गंज घेऊन बाहेर यायची, माप ओतले जायचे, वर थोडी धार घाल म्हणून भांडण व्हायचे, “बाई, म्हैस आटली जी” असे ऐकून घ्यावे लागायचे. गवळी पाणी घालायचा हे खरे. पण तो तोंडासमोर घालून नामानिराळा राहू शकत नसे. पुढे १९७० साली दूध महापूर योजना सुरू झाली आणि हळूहळू गावोगाव डेअरीचे दूध पिशवीतून येऊ लागले. त्या योजनेने देशाला दूध दिले, याबद्दल तिचे उपकारच. पण पिशवीला तोंड नसते आणि ती हाळी देत नाही. दुधाला प्रथमच दाराशी एकटे पडून राहण्याची सवय लागली.

दारात दूध ठेवून झोपणारी जमात काही आपलीच नव्हे. अमेरिकेत गेल्या शतकाच्या पूर्वार्धात कित्येक घरांच्या भिंतीत दुधासाठी एक कोनाडाच बांधत. त्याला बाहेरून एक दार आणि आतून एक दार. दूधवाल्याने बाहेरून ठेवायचे, बाईने आतून घ्यायचे, भेट नाही. इंग्लंडात तर दूधचोर पंखवाले निघाले. १९२१ साली साउदॅम्प्टनजवळच्या स्वेदलिंग गावी असे दिसले की ब्लू टिट नावाचे चिमणीपेक्षाही लहान पाखरू दारातल्या दुधाच्या बाटलीचे झाकण चोचीने उघडून वरची साय मटकावते. पुढे ही विद्या देशभरच्या पाखरांत पसरली आणि फिशर व हाइंड या दोघा अभ्यासकांनी १९४९ मध्ये त्यावर रीतसर लेख लिहिला. इंग्रजांनी उपाय काय केला? बाटलीवर पालथा कप ठेवला. ज्यांनी अर्ध्या जगाला कुलूप घातले, त्यांनी दुधाला घातले नाही. एवढे जरी आपण त्यांच्याकडून उचलले असते!

आता कोणी म्हणेल, चोरी ती चोरी, ती थांबायलाच हवी. मान्य. पण मग मोठ्या चोरीपासून सुरुवात करा. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०११ साली देशभरातून दुधाचे १,७९१ नमुने तपासले, त्यांतले ६८.४ टक्के ठरलेल्या मानकांत बसले नाहीत. २०१८ मध्ये ६,४३२ नमुने तपासले, तेव्हा ९३ टक्के पिण्यास सुरक्षित निघाले, पण ४१ टक्के गुणवत्तेच्या कुठल्या ना कुठल्या कसोटीत कमीच पडले. म्हणजे सुधारणा आहे, नाही असे मी म्हणत नाही. पण जे पिशवी बंद होण्याआधीच गेले, त्याला तुमची पेटी काय करणार? उलट उरलेसुरले कुलपात ठेवून आपण निर्धास्त होतो. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हे ठाऊक होते. पाणी कुलपात ठेवतो, हे नवीन.

आणि कुठल्या जिल्ह्यात हे चालले आहे पाहा. आमच्या वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. बंद असलेली ती वस्तू कुठे, किती वाजता आणि कोणाकडे मिळते हे शेंबडे पोरही सांगेल. आणि राजरोस मिळणारे दूध मात्र कुलपाआड! शेजारच्या सेवाग्रामला बापू शेळीच्या दुधावर राहिले. त्याच आश्रमातून बापूंचा चष्मा नाहीसा झाल्याची बातमी २०११ साली देशभर गाजली. ज्याला न्यायचेच आहे तो महात्म्याचा चष्माही नेतो. तुमच्या टोन्ड दुधाची काय कथा!

पण माझा खरा राग पत्र्यावर नाही, कुलपावरही नाही. पेटी कोणावर संशय घेते, त्यावर आहे.

आमच्याकडे दूध टाकणारा मुलगा अकरावीत शिकतो. पहाटे चार वाजता उठतो, थंडीत कानाला मफलर गुंडाळून सायकलवर क्रेट लादतो, साठ घरे करतो आणि मग कॉलेजात जातो. पिशवी नाहीशी झाली की गिऱ्हाईक एजंटाला फोन करते, एजंट ती पिशवी मुलाच्या पगारातून कापतो. चारही वेळा तेच झाले. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात म्हणे. इथे तर संन्याशाकडून दोरीचे पैसेही घेतले. यांतल्या एका चोरीचा छडा एका घरच्या कॅमेऱ्याने लावला. आरोपी तपकिरी रंगाचा, चार पायांचा, आणि कॅमेरावाल्यांच्याच घरची शिळी पोळी खाऊन वाढलेला. ते चित्रण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिले, खूप हसले. मुलाचे तीस रुपये परत करावेत हे कोणालाही सुचले नाही.

पेट्या लागल्या त्या आठवड्यात त्याने मला विचारले, “काकाजी, हे पेट्या माह्यासाठी लावल्या का जी?”

मी म्हटले, “नाही रे, चोरासाठी.”

“मंग सारे माह्याकडंच काऊन पायतात?”

या प्रश्नाचे उत्तर पेटीप्रमुखांच्या तत्त्वात कुठे बसते ते त्यांनी सांगावे.

माझे उत्तर असे. आपल्याला दूध पाच वाजता दारात हवे असते आणि उठायचे असते साडेसातला. मधले अडीच तास चोराचे. ते आपणच त्याला दिलेले असतात. पूर्वी मुलगा बेल वाजवून पिशवी हातात देत असे. मग झोपमोड होते म्हणून घरोघरी त्याला ताकीद मिळाली, ‘बेल वाजवायची नाही.’ बेल बंद झाली आणि वर्षाच्या आत पिशव्या जाऊ लागल्या, यात गूढ ते काय? म्हणजे पेटी दुधाच्या राखणीला नाहीच, ती आपल्या झोपेच्या राखणीला आहे. आणि त्या वेळी गल्लीत जागा असलेला एकुलता एक माणूस म्हणून संशयित कोण, तर आपल्यासाठी जो जागा राहिला तोच!

तेव्हा माझ्या मागण्या साध्या आहेत. पहिली, बेल पुन्हा सुरू करा. अगदीच जमत नसेल तर प्रत्येक गल्लीत एक तरी आजी पाच वाजता सडा टाकायला उठलेली असतेच. तिच्याकडे पिशव्या द्या. ती नाही म्हणणार नाही. चौदा घरांच्या पिशव्या तिच्या ओट्यावरून गेल्या म्हणजे चौदा घरांत कोण किती वाजता उठते हे तिला कळेल, आणि त्या आनंदापोटी ती फुकट पहारा देईल. दुसरी मागणी, हरवलेल्या पिशवीचे पैसे मुलाकडून कापणे बंद करा, आणि कापलेले एकशेवीस परत द्या. कुलपासाठी दीडशे काढणाऱ्यांना हे जड जाऊ नये.

राहिला चोर. त्याची सोय सरकारने केलेली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे पाच हजारांहून कमी किमतीची चोरी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा आहे. दूधचोरासाठी इतका शोभणारा कायदा दुसरा नाही. उद्या खरोखर कोणी सापडला तर त्याला महिनाभर पहाटे चारला उठवून साठ घरे दूध टाकायला लावा. तेवढ्या दिवसांत तो पोरगा अभ्यास करील. दूध दारात येते कसे हे ज्याने एकदा पायाने मोजले, तो पुन्हा पिशवीला हात लावणार नाही. खरे तर ही शिक्षा गिऱ्हाइकांनाही आळीपाळीने द्यायला हरकत नाही.

गॅसवरचे दूध उतू जाऊ नये म्हणून आपण दहा-दहा मिनिटे गंजासमोर डोळ्यांत तेल घालून उभे राहतो. तेच दूध दारात येते तेव्हा एक मिनिट उभे राहायला काय होते? ज्यांना तेही होणार नाही त्यांनी खुशाल पेटी ठेवावी. फक्त तिच्यावर रंगाने ‘दूध’ असे लिहिले आहे ते पुसून, खरे आहे ते लिहावे : ‘आत साहेबांची झोप आहे. हात लावू नये.’