दिनविशेष पाठवण्याआधी

फजरची नमाज आटोपून मोबाइल हातात घेतला, की मोहल्ल्याच्या ग्रुपवर ‘आजचा दिनविशेष’ येऊन पडलेला असतो. कुणाची जयंती, कुणाची पुण्यतिथी, कुठली लढाई. अलीकडे या तारखांचं हत्यार झालं आहे. एका ग्रुपवर तारीख येते ती जुनी जखम उकरायला आणि दुसऱ्या ग्रुपवर उत्तर जातं ते ‘आम्हीही देशासाठी मेलो’ हे सिद्ध करायला. पडताळणी दोन्हीकडे नसते. बुलढाणा जिल्ह्यातल्या मुसलमानांनी यापेक्षा वेगळी वाट धरावी, असं मला वाटतं.

आपल्या जिल्ह्याचा सर्वांत मोठा दिवस १२ जानेवारी. १५९८ साली याच दिवशी सिंदखेड राजाला जिजाऊंचा जन्म झाला. लाखो माणसं तिथे येतात, माथा टेकवतात. १९३१ साली याच तारखेला पुण्याच्या येरवडा तुरुंगात इंग्रजांनी सोलापूरच्या चौघांना फाशी दिली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, गोळीबार झाला, मार्शल लॉ लागला आणि पोलिसांच्या हत्येचा ठपका ठेवून या चौघांना फासावर चढवलं गेलं. आपले ग्रुप या दिवशी एकट्या कुर्बान हुसेन यांचा फोटो फिरवतात. मला ते खटकतं. चौघं एकत्र लढले, एकत्र गेले. त्यांतला एक वेगळा काढून आपण त्याची शहादत मोठी करत नाही, लहान करतो.

आता जरा अवघड तारीख. २५ जुलै १६२९. जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव यांना देवगिरीच्या किल्ल्यावर, निजामशहाच्या दरबारात, मुलांसह कापून काढण्यात आलं. त्यांची भव्य समाधी सिंदखेड राजाला उभी आहे. ही तारीख आपण का टाळतो? तो दगा होता, तो एका सुलतानाने केला, हे म्हणायला आपली जीभ का अडखळावी? त्या सुलतानाची वकिली करायचा ठेका आपल्याकडे कुणी दिलेला नाही. गवाही स्वतःच्या विरोधात जात असली तरी खरीच द्या, ही तर सूरह निसाची तालीम आहे.

तिसरी तारीख ११ ऑक्टोबर १७२४. आपल्याच जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला निजामुल्मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखान मारला गेला. त्या विजयातून १९४८ पर्यंत टिकलेलं निजामाचं राज्य उभं राहिलं आणि विजयाची आठवण म्हणून गावाला फतेहखेर्डा नाव मिळालं. या लढाईत निजामाला मदत होती बाजीराव पेशव्यांची! पुढे हेच दोघे एकमेकांशी लढले. ही लढाई कोणत्या धर्माची म्हणायची? ती तख्ताची होती. इतकी मोठी घटना आपल्या अंगणात घडली, पण एकाही ग्रुपवर तिचा दिनविशेष मला दिसलेला नाही, कारण तिच्यातून कुणालाच कुणाविरुद्ध काही काढता येत नाही.

शेवटची तारीख आपल्या घरातली. ९ जानेवारीला आपण फातिमा शेख यांची जयंती साजरी करतो. या जन्मतारखेला त्या काळातला भक्कम आधार नाही. २०२५ च्या जानेवारीत याच मुद्द्यावरून ‘फातिमा शेख नावाची बाई झालीच नाही’ इथपर्यंत मजल गेली. खरं तर सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ ला नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. म्हणजे पक्का पुरावा हाताशी असताना आपण कच्ची तारीख मिरवत राहिलो आणि विरोधकाच्या हाती काठी दिली. खबर आली की आधी छाननी करा, हे सूरह हुजुरातने सांगितलेलं आपण फक्त दुसऱ्यांच्या फॉरवर्डसाठी राखून ठेवलं आहे का?

म्हणून माझ्या तीन सूचना. तारखेसोबत आधार नसेल तर मेसेज पुढे पाठवू नका. येत्या १२ जानेवारीला सिंदखेड राजाच्या वाटेवर पाण्याचे, चहाचे स्टॉल लावू आणि तिथेच सोलापूरच्या चारही हुतात्म्यांची नावं मराठीत आणि उर्दूत लिहू. आणि ११ ऑक्टोबरला आपल्या उर्दू शाळांची मुलं मराठी शाळांच्या मुलांसोबत साखरखेर्ड्याला नेऊ.

देशप्रेमाचं सर्टिफिकेट मिळवण्यासाठी हे करायचं नाही. ही माती आपली आहे. तिचा इतिहास गोड असो की कडू, तोही आपलाच आहे.