साप सोडून भुईला मार

फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या फाटकावर पर्यटकाला बोट टेकवायला सांगतात. या एका कृतीभोवती दोन कहाण्या वर्षानुवर्षे शेजारी शेजारी नांदत आहेत. पहिली म्हणते, हा ठसा थेट एफबीआयकडे जातो, मनगटावरच्या पट्ट्यात जीपीएस दडवलेले असते आणि सहलीला आलेल्या कुटुंबाची कुंडली सरकारदरबारी कायमची जमा होते. दुसरी कहाणी कंपनीची. ती म्हणते, आम्ही ठसा ठेवतच नाही, ठेवतो तो फक्त एक आकडा. तेव्हा काळजी नसावी. पहिल्या कहाणीला कसलाही पुरावा नाही. दुसरी अक्षरशः खरी मानली, तरी तिच्यातून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. पण पहिलीच्या गोंगाटात दुसरीची शहानिशा करायची राहून जाते. अफवेचा खरा फायदा होतो तो असा, आणि तो कंपनीलाच होतो.

आधी वस्तुस्थिती. हा प्रकार डिस्नेने १९९० च्या दशकात पासधारकांपुरता सुरू केला आणि पुढच्या दशकात तो सर्व तिकिटांना लागू केला. त्यामागचे कारण साधे, व्यापारी आहे. जितक्या जास्त दिवसांचे तिकीट, तितका एका दिवसाचा दर कमी. त्यामुळे सात दिवसांचे तिकीट घ्यायचे, चार दिवस फिरायचे आणि उरलेले तीन दुसऱ्याला विकायचे, असा धंदा उभा राहू शकतो. तिकीट माणसाशी बांधले की तो बसतो. सुरुवातीला यंत्र बोटांची ठेवण मोजत असे, नंतर बोटाचे टोक टिपणारी यंत्रे आली. कंपनीच्या म्हणण्यानुसार टिपलेल्या प्रतिमेचा एक आकडा बनतो, प्रतिमा लगेच टाकून दिली जाते आणि पुढच्या वेळी त्याच तिकिटावरच्या आकड्याशी बोट ताडून पाहिले जाते. म्हणजे प्रश्न ‘हा कोण?’ असा नसतो. ‘काल हे तिकीट वापरणारा तो हाच का?’ एवढाच असतो. ज्याला बोट द्यायचे नाही, त्याला छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवून आत जाता येते. ही सोय मात्र विचारल्याशिवाय फारशी कोणाला कळत नाही.

आता त्या आकड्याविषयी. तो निरर्थक असता, तर दुसऱ्या दिवशी त्याने आपल्याला ओळखले कसे असते? त्याचे मोलच मुळी तो एका शरीराशी जोडलेला असण्यात आहे. ठशाच्या प्रमाणित साच्यावरून, जुळणी करणाऱ्या यंत्रणेला फसवू शकेल इतपत ठसा पुन्हा उभा करता येतो, हे बोलोन्या विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिले. प्रत्येक उद्यानाच्या साच्याबाबत हे जमेलच असे नाही. पण ‘आकडाच तर आहे’ हे उत्तर त्यानंतर पुरेसे उरत नाही. २०१५ मध्ये खुद्द अमेरिकी सरकारच्या कर्मचारी विभागातून सुमारे ५६ लाख लोकांचे ठसे चोरीला गेले. पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. मनगटी पट्ट्याचेही तसेच. २०१३ मध्ये आलेल्या मॅजिकबँडमध्ये जीपीएस नव्हते आणि ठसाही नव्हता. होती ती जवळून वाचली जाणारी चिप आणि थोड्या लांबून टिपता येणारा रेडिओ संदेश. राइडवर काढलेला फोटो न मागता आपल्या खात्यात येऊन पडतो तो त्यामुळेच. म्हणजे ‘जीपीएस नाही’ हे खरे; ‘उद्यानात तुमचा माग लागत नाही’ हे खरे नाही. त्या वर्षी खासदार एड मार्की यांनी, विशेषतः लहान मुलांच्या माहितीबद्दल, डिस्नेला पत्र लिहून विचारणा केली, तेव्हा कंपनीचे प्रमुख बॉब आयगर उत्तरात चांगलेच उखडले होते. पट्टा ऐच्छिक आहे, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. पण प्रश्न विचारणाऱ्यावरच चिडण्याचे कारण नव्हते.

या क्षेत्रात सत्य बाहेर आले ते कंपन्यांच्या खुलाशांतून नव्हे आणि अफवांतून तर मुळीच नव्हे. ते आले न्यायालयांतून, आणि अगदी रूक्ष प्रश्नांच्या बळावर. ठशावर पैसे चुकते करण्याची सोय देणारी ‘पे बाय टच’ ही कंपनी दिवाळखोरीत निघाली, तेव्हा गोळा केलेल्या ठशांचे आता काय, ही चिंता उभी राहिली. त्या पार्श्वभूमीवर इलिनॉय राज्याने २००८ मध्ये कायदा केला: ठसा घेण्याआधी लेखी सांगा, कशासाठी आणि किती काळ ते सांगा, लेखी संमती घ्या. २०१४ मध्ये शाळेच्या सहलीबरोबर गर्नी येथील सिक्स फ्लॅग्ज उद्यानात गेलेल्या १४ वर्षांच्या मुलाचा अंगठा पाससाठी घेतला गेला. घरी काहीच लेखी आले नव्हते, म्हणून आईने दावा लावला. नुकसान काय झाले ते दाखवा, असा कंपनीचा बचाव होता. कायद्याने दिलेला हक्क डावलला गेला हेच दाव्याला पुरेसे आहे, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ठरवले आणि २०२१ मध्ये ३.६ कोटी डॉलरची तडजोड झाली. चीनमध्ये हांगझोऊच्या सफारी पार्कने ठशावर दिलेले वार्षिक पास २०१९ मध्ये चेहऱ्यावर नेले, तेव्हा कायद्याचे एक प्राध्यापक न्यायालयात गेले. चेहऱ्याची आणि अपिलात ठशाचीही माहिती पुसण्याचा आदेश त्यांनी मिळवला. भरपाई मिळाली १,०३८ युआन. यापैकी कोणालाही गुप्तहेर खात्याची कहाणी रचावी लागली नाही.

यावर आक्षेप येतात. फोन चेहऱ्याने उघडणाऱ्यांनी उद्यानाच्या फाटकावर कां कूं का करावी? कारण आयफोनसारख्या फोनमधला चेहऱ्याचा साचा त्या फोनमध्येच राहतो; उद्यानातला कंपनीच्या सर्व्हरवर. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इलिनॉयच्या कायद्याने वकिलांचे उखळ पांढरे केले. यात तथ्य आहे. प्रत्येक वेळी घेतलेला ठसा हे वेगळे उल्लंघन धरून दंड फुगत गेला, म्हणून २०२४ मध्ये कायदा दुरुस्त करून तो माणशी एकदाच मोजायचे ठरले. दुरुस्ती योग्यच होती. पण ती रकमेची होती. आधी सांगण्याचे, विचारण्याचे बंधन तिने हलवले नाही. आणि ते आता अधिक लागणार आहे, कारण बोटाची जागा चेहरा घेतो आहे. डिस्नेने २०२१ मध्ये मॅजिक किंगडममध्ये महिनाभर त्याची ऐच्छिक चाचणी घेतली. ऑर्लँडोत २०२५ मध्ये उघडलेल्या युनिव्हर्सलच्या एपिक युनिव्हर्समध्ये चेहरा ओळखून प्रवेश देण्याची व्यवस्था आहे. बोट माणसाला स्वतःहून पुढे करावे लागते. चेहरा कॅमेऱ्याला दुरूनही, न विचारता मिळतो.

आपल्याकडे हे प्रश्न परदेशी सहलीपुरते राहणार नाहीत, म्हणून आपला कायदा पाहिला पाहिजे. २०११ च्या नियमांत बायोमेट्रिक माहिती ‘संवेदनशील’ वर्गात होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात असा वेगळा वर्गच नाही. मुलांच्या बाबतीत मात्र तो कडक आहे. १८ वर्षांखालील व्यक्तीसाठी पालकांची पडताळलेली संमती हवी आणि त्यांचा माग ठेवायला मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्यांसाठी दीड वर्षाची मुदत आहे. सुरक्षेतील हयगयीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो सरकारी तिजोरीत जमा होईल. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ज्या ४३-अ कलमाखाली बाधित व्यक्तीला भरपाई मागता येते, तेच ही मुदत सरताच या कायद्याने रद्द होईल. गर्नीतल्या त्या आईसारखी एखादी आई त्यानंतर इथे उभी राहिली, तर तिला तक्रार करता येईल. दाव्यात स्वतःसाठी एक रुपयाही मागता येणार नाही. बाधित व्यक्तीचा भरपाईचा हक्क राखणारी दुरुस्ती संसदेने दीड वर्षाची मुदत सरण्याआधी करावी.