आधी भाडं ठरवा, मग गाडी

आमच्या वर्गातला एक मित्र सेकंड इयरनंतर दिसेनासा झाला. नंतर कळलं, त्याने पिकअप घेतली. पांढरीशुभ्र, १.७ टनांची. पुढच्या काचेवर आईचं नाव, बोनेटवर हार, स्टेटसला फोटो. आम्ही सगळ्यांनी 'अभिनंदन भावा' टाकलं. घरची अंबडकडे मोसंबीची बाग, त्यामुळे गाडीला काम कमी पडणार नाही असं त्याला वाटलं आणि आम्हालाही. डाऊन पेमेंटसाठी आईचे दागिने गहाण पडले होते, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

पहिला हंगाम झकास गेला. आंबिया बहाराची मोसंबी आपल्या बागेतून, शेजाऱ्यांच्या बागेतून जालन्याच्या मोंढ्यात. दिवाळीनंतर मात्र गाडी अंगणातच उभी राहायला लागली. भाडं यायचं, पण कुणाचं कपाट, कुणाची चार पोती खत. "एवढ्यासाठी मोठी गाडी कशाला, छोटा हत्ती सांगतो," म्हणून लोक फोन ठेवायचे. उन्हाळ्यात तीन हप्ते थकले आणि गाडी ओढून नेली. आता तो दुसऱ्याच्या गाडीवर चालक आहे.

हे सांगायचं कारण, हाच प्रश्न आज तुमच्यापैकी अनेकांच्या घरात आहे. भरतीचे दोन-तीन प्रयत्न झालेत, डिग्री हातात आहे, नोकरीचा पत्ता नाही. मग कुणीतरी म्हणतं, "एखादी गाडी टाक." पुढचा प्रश्न ठरलेला: छोटी घ्यायची की मोठी? आणि इथेच आपण चुकतो. कारण आपण गाड्यांची तुलना करतो. तुलना कामाची करायला हवी.

छोटा हत्ती म्हणजे टाटा एस मे २००५ मध्ये बाजारात आली. माल पाऊण टन, गल्लीत वळेल एवढी लांबी, दोन सिलिंडरचं इंजिन. ती आखताना कंपनीच्या अभियंत्यांनी तीनचाकी चालवणाऱ्यांशी बोलून घेतलं होतं. चार चाकं असली की लग्नाच्या बाजारातही भाव वाढतो, असं एका चालकाने सांगितल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. वीस वर्षांनी गोष्ट तीच आहे, फक्त चार चाकांची जागा मोठ्या बोनेटने घेतली. गावात बोलेरो पिकअपवाल्याला 'शेठ' म्हणतात, छोट्या हत्तीवाल्याला 'ए, थांब रे' म्हणतात. हे आपण मान्य करून टाकू. पण हप्ता भरताना बँक बोनेट बघत नाही.

साधं गणित करा. समजा, मोठ्या गाडीसाठी ८ लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, पाच वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण १७,४०० रुपये. छोटीसाठी ४ लाख घेतले, तर ८,७०० रुपये. महिन्यात २६ दिवस काम मिळालं, तर मोठीला रोज ६७० रुपये फक्त हप्त्यापायी बाजूला काढावे लागतात. काम १२ दिवसच मिळालं, तर तोच आकडा १,४५० वर जातो. त्यात डिझेल, टायर, विमा, पासिंग, हमाली आणि तुमची स्वतःची मजुरी धरलेलीच नाही. बहार ठरलेल्या वेळी येतो, हप्ता मात्र वर्षातून बारा वेळा येतो.

म्हणजे छोटीच घ्या, असं आहे का? नाही. छोटी घेऊन तिच्यावर मोठीचा माल लादला, तर तो तोटा वेगळाच.

आपल्या जालन्यात हे रोज दिसतं. इथे सळई बनते. १२ एमएमची, १२ मीटर लांबीची एक सळई जवळपास साडेदहा किलोंची. म्हणजे ७० सळयांत छोट्या गाडीचे ७५० किलो संपले. सिमेंटच्या तर १५ गोण्यांतच संपतात. पण हौद्याकडे बघितलं तर तो रिकामा दिसतो! मग दुकानदार म्हणतो, "टाक अजून, काही होत नाही." होतं. पाटे बसतात, टायर फुटतात, उतारावर ब्रेक लागत नाहीत. सळई वाकवून आणली तरी हौद्याच्या बाहेर लोंबते, आणि मागून येणाऱ्या बाइकवाल्याच्या छातीच्या उंचीला असते. केंद्राच्या मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून जादा मालासाठी २० हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. त्या एका खेपेचं भाडं किती मिळालं असतं, ते आठवून बघा.

उलट कापूस किंवा रेशीम कोष घ्या. २०१८ पासून जालन्यात कोषांची बाजारपेठ आहे. कोषांचं वजन कमी, पण जागा भरपूर लागते. तिथे किलो संपण्याआधी हौदा संपतो. मोसंबीचं २० किलोंचं कॅरेट धरलं, तर छोटीत ३५ च्या आसपास बसतात, १.७ टनवालीत ८० च्या पुढे. म्हणून पहिला प्रश्न 'गाडी किती टनाची' हा नाही. तुमच्या मालाने आधी काय भरतं, वजन की जागा, हा आहे.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. कादराबाद, सिंधी बाजार, फुल बाजार इथे दुपारी मोठी पिकअप घालून बघा. वळवण्यातच अर्धा तास जातो. जूनमध्ये बियाणं आणि खत मोंढ्यातून वाड्या-वस्त्यांवर जातं, तेही दहा पोती इथे, पाच तिथे. हे छोटीचं काम. पण घनसावंगी किंवा अंबडकडून बागेचा सगळा तोडा एका खेपेत आणायचा असेल, तर छोटीच्या दोन-तीन खेपांत डिझेल आणि दिवस दोन्ही जातात. ते मोठीचं काम.

समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला, तो जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो. त्यामुळे 'थेट मुंबईला माल टाकू' हे स्वप्न अनेकांना पडतं. स्वप्न वाईट नाही. पण एवढ्या लांबच्या भाड्यात तुमची स्पर्धा दुसऱ्या पिकअपशी नाही, दहा टनांच्या ट्रकशी आहे. त्याचा किलोमागचा खर्च तुम्हाला परवडणार नाही. येताना रिटर्न भाडं नसेल, तर टोल आणि डिझेल दोन्ही बाजूंचं तुमच्याच खिशातून.

तिसरी गोष्ट कागदांची. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं, की एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोंपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. म्हणजे लायसन्सच्या दृष्टीने छोटी-मोठी सारखीच. परमिटचं तसं नाही. गाडी आणि माल मिळून एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत असेल, तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. छोटा हत्ती या रेषेच्या खूप आत आहे. १.३ टनांच्या काही पिकअप जेमतेम आत बसतात, १.७ टनवाल्या बाहेर जातात. शोरूममधला माणूस हे आपणहून सांगेलच असं नाही, तुम्ही विचारा. अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या व्याज परतावा योजनेचा आधार काहींना मिळतो. पण 'परतावा' या शब्दाकडे नीट बघा. आधी तुम्ही हप्ता वेळेवर भरायचा, मग व्याज परत येतं.

मग करायचं काय? शोरूमला जाण्याआधी ३० दिवस एक वही ठेवा. मोंढ्यात, एमआयडीसीच्या गेटवर, हार्डवेअरच्या दुकानांसमोर उभे राहा. जमलं तर महिनाभर कुणाच्या तरी गाडीवर चालक म्हणून जा. रोज पाच गोष्टी लिहा: माल काय, वजन किती, किलोमीटर किती, भाडं किती, येताना गाडी भरलेली की रिकामी. महिन्याने वहीच उत्तर देईल. बहुतेक खेपा पाऊण टनाच्या आत आणि तालुक्याच्या आसपास असतील, तर लाज न बाळगता छोटी घ्या. घरचा माल आणि शेजारच्या चार-पाच बागांचा शब्द पक्का असेल, शिवाय बहार संपल्यावर करायचं काम वहीत दिसत असेल, तर मोठी घ्या. वही अर्धी कोरी राहिली, तर कोणतीच घेऊ नका. तोवर भाड्याने गाडी लावून माल न्या. आठ लाखांच्या कर्जापेक्षा ती कोरी पानं स्वस्त आहेत.

परवा तो मित्र मामा चौकात भेटला. चालवत होता छोटा हत्ती, मालक दुसरा. मी विचारलं, "परत स्वतःची घेणार का?" म्हणाला, "घेणार ना. पण या वेळी आधी गिऱ्हाईक, मग गाडी." त्याच्या डॅशबोर्डवर एक वही होती. रोजचं भाडं लिहिलेली.

तुमची वही आजपासून सुरू करा.