सेप्टिक टँकचा खर्च कोणाच्या माथी?

घर बांधताना फरशीच्या रंगावर जेवढा खल होतो, त्याच्या शतांशानेही सेप्टिक टँकवर होत नाही. टाकी जमिनीखाली गेली की मैल्याचा प्रश्न मिटला, अशी सुशिक्षितांचीही समजूत असते.

वस्तुतः टाकी अर्धेच काम करते. जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि हवेवाचून जगणारे जीवाणू गाळाचे सावकाश विघटन करतात. मधून बाहेर पडणारे पाणी निवळलेले दिसले, तरी रोगजंतूंनी भरलेलेच असते. त्याचे खरे शुद्धीकरण माती करते. शोषखड्ड्याभोवतीच्या कोरड्या, हवा खेळत्या थरातून ते झिरपते, तेव्हाच जंतू अडतात आणि मरतात. म्हणूनच भारतीय मानक २४७० चा (१९८५) दुसरा भाग सर्वस्वी या बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या व्यवस्थेलाच वाहिलेला आहे. आपली काळी माती तर पावसात फुगते आणि पाणी जिरू देत नाही. तेथे खड्डा खणण्यापूर्वी जमीन किती पाणी पिते, हे पाहणे अगत्याचे ठरते.

व्यवहारात मात्र टाकीचा नळ थेट उघड्या गटारात सोडला जातो. वर्गात 'बाह्य खर्च' शिकवताना आम्ही गिरणीच्या धुराड्याचे उदाहरण देतो. खरे तर एवढे दूर जाण्याचे कारण नाही. शोषखड्डा टाळणाऱ्याचे पैसे वाचतात आणि त्याची किंमत गटाराकाठच्या विहिरीचे पाणी पिणारा मोजतो. गाळ उपसण्याचेही तेच. तो दोन-तीन वर्षांनी काढावयाचा. आपण टाकी तुंबेपर्यंत थांबतो. मग घाईघाईने कोणा गरिबाला आत उतरविले जाते. संरक्षक साधनांवाचून माणसाला असे उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे, तरीही त्यात माणसे गुदमरून मरतात.

वाई आणि सिन्नर येथील नगरपरिषदांनी २०१८ पासून निराळी वाट धरली. मालकाच्या तक्रारीची वाट न पाहता, घरोघरच्या टाक्या पाळीपाळीने यंत्राने उपसावयाच्या आणि तो गाळ प्रक्रिया केंद्रात न्यावयाचा. 'माझी टाकी भरली नसता मी पैसे का द्यावे?' असा आक्षेप येथे हमखास निघतो. पण दिवाबत्तीचा कर भरताना आपण आपल्याच दारापुढील दिवा मोजत नाही. टाकी भरली की नाही, हा प्रश्न एकट्या मालकाचा असता, तर आक्षेप मान्य करता आला असता.

नगरपालिकांनी आणखी एक करावे. घराचा पूर्णत्वाचा दाखला देण्यापूर्वी, खड्ड्यावर माती पडण्याच्या आत, त्यांच्या अभियंत्याने एकदा वाकून तो नळ कोठे जातो ते पाहावे.