रस्त्याच्या पोटातील मळी

सोनाराच्या दुकानातील केर झारेकरी विकत नेतो, तो धुतो आणि त्यातून सोन्याचे कण वेचतो. लोखंडाच्या कारखान्यातील केराचे मोल मात्र इतके सहज ध्यानात येत नाही. भट्टीत धातू वितळला की त्यातील अशुद्ध द्रव्ये चुनखडीशी मिसळून वर तरंगतात, तीच धातुमळी. झोतभट्टीतील मळी फार पूर्वीपासून सिमेंटात वापरली जाते. पोलाद तयार करताना निघणारी मळी, एका टनामागे सुमारे दीडशे ते दोनशे किलो या प्रमाणात, पुष्कळदा कारखान्याबाहेर ढीग होऊन पडून राहते.

या मळीशी आपला काय संबंध, असे वाचक विचारतील. माळव्यात आणि गुजरातेच्या बऱ्याच भागांत आपली वस्ती काळ्या जमिनीवर आहे. ही माती कापसाला आणि गव्हाला उदार. रस्त्याला मात्र बेभरवशाची. तिचे सूक्ष्म कण पापुद्र्यांसारखे असतात. पावसाळ्यात त्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरून ती फुगते आणि वैशाखात आकसून तिला भेगा पडतात. मग वरचे डांबर कितीही चांगले असो, ते तडकतेच. आपण दोष डांबराला देतो. खोट बहुधा पायात असते.

झोतभट्टीतील मळी बारीक दळून, थोड्या चुन्यासह या मातीत कालवावी, बेताचे पाणी देऊन वरून रोलर फिरवावा, म्हणजे मातीच्या कणांमध्ये सिमेंटासारखे बंध निर्माण होतात. माती फुगणे कमी होते आणि तिची भार पेलण्याची शक्ती वाढते. पोलादाच्या मळीचे खडे टणक व खडबडीत असल्याने ते खडीच्या जागी चालतात. सुरतेजवळ हजिरा येथे केंद्रीय मार्ग संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली सुमारे एक लाख टन प्रक्रिया केलेली मळी वापरून सहापदरी रस्ता बांधण्यात आला. २०२२ साली तो खुला झाला. तितक्या खडीसाठी फोडावा लागणारा डोंगर वाचला.

तथापि, येथे सावधपणा हवा. पोलादाच्या ताज्या मळीत न विरलेला चुना असतो. ओल लागताच तो फुगतो आणि जो दोष काढायचा तोच रस्त्याच्या पायात नव्याने शिरतो. म्हणून ती उघड्यावर, पाणी देत, काही महिने मुरवावी लागते. शिवाय काही मळीत क्रोमियमसारखे धातू असतात. ते पाण्याबरोबर पाझरतात की नाही, याची प्रयोगशाळेत परीक्षा झालीच पाहिजे.

झारेकऱ्याची विद्या धुण्यात आणि पारखण्यात आहे; केर तर कोणीही उचलील. ती पारख वगळून केलेली काटकसर म्हणजे कारखान्याजवळचा ढीग आपल्या विहिरीशेजारी आणून पुरणे होय. आपल्या गावाजवळ असे काम निघाले, तर मळी किती महिने मुरवली आणि तिच्या पाझराची तपासणी कोठे झाली, हे दोन प्रश्न ग्रामस्थांनी रोलर फिरण्यापूर्वीच विचारावेत.